माडाचं व्हिनेगर आणि कोकोनट अमिनोज : सहा महिने दोन्ही वापरून झाल्यावर

आमच्या किचनच्या ओट्यावर गेल्या सहा महिन्यांत दोन बाटल्यांनी कायमची जागा पकडलीय, एक फिलिपिन्सचं नारळाच्या माडीचं व्हिनेगर आणि दुसरी कोकोनट अमिनोज (सोया सॉसच्या जागी वापरायचं माडाच्या रसाचं सॉस), आणि घरी येणारी प्रत्येक मैत्रीण विचारते की हे काय आणि कशाला, म्हणून एकदा नीट बसून लिहिते. निकाल आधीच सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. व्हिनेगर पाचपैकी पाच, डोळे झाकून घ्या. अमिनोज पाचपैकी तीन, आणि ते तीनसुद्धा मी खूप प्रयोग करून मग दिलेत, दुसऱ्या महिन्यात विचारलं असतंत तर एकच दिला असता.

आता सुरुवातीपासून. आम्ही कॅलिफोर्नियात युनियन सिटीला राहतो, इथे आपली माणसं आणि फिलिपिनो माणसं शेजारी शेजारी असणं काही नवीन नाही. गेल्या वर्षी नवऱ्याची शुगर बॉर्डरवर आली, डॉक्टरांशी बोलून त्याने पॅलिओ सुरू केलं, म्हणजे धान्य नाही, डाळी-कडधान्यं नाहीत, दूध-दही नाही, साखर नाही. ऐकायला सोपं वाटतं पण मराठी घरात करून बघा. पोहे गेले, भाकरी गेली, आमटी गेली, बेसन गेलं, शेंगदाण्याचं कूट गेलं (शेंगदाणासुद्धा कडधान्याच्याच कुळातला धरतात), ताक गेलं. पहिला महिनाभर मी नेटवरच्या रेसिपी करत होते, सगळ्यात बदामाचं पीठ आणि रताळं, घरातलं कुणीच खुश नव्हतं आणि बिल दुप्पट.

वाट दाखवली ती आमच्या शेजारच्या आतेने. हे मला फार आवडतं म्हणून सांगते, टागालोगमध्ये मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात, वयाने मोठ्या कुठल्याही बाईला आदराने आतेच, त्यामुळे आमच्याकडे सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना वाटलं की मी आत्याच म्हणतेय आणि त्यासुद्धा तिला आतेच म्हणायला लागल्या. तर ही आते बिकोलची, म्हणजे लुझॉन बेटाच्या खालच्या टोकाकडची, तिकडे नारळाचं दूध आणि मिरची याशिवाय पान हलत नाही. मी वेंगुर्ल्याची. तिने एक दिवस डब्यातून लाइंग पाठवलं आणि मी झाकण काढल्याबरोबर ओळखलं, हे तर आळू! नारळाच्या दुधात शिजवलेलं, आलं, मिरची, सुकी मासळी घातलेलं आळू, ना डाळ, ना दाणे, ना गूळ. म्हणजे पॅलिओच्या नियमात जसंच्या तसं बसणारं जेवण, आणि तेही कुणी 'डाएट' म्हणून शोधून काढलेलं नाही, तिकडची आजी रोज करते ते. त्या दिवसापासून मी फिलिपिनो स्वयंपाक शिकायला लागले आणि या दोन बाटल्या घरात आल्या.

आधी व्हिनेगर. टागालोगमध्ये 'सुकांग तुबा', तुबा म्हणजे माडी. नारळाच्या न उमललेल्या पोयीला चीर देऊन जो रस गोळा करतात तो आंबला की माडी आणि आणखी आंबू दिला की व्हिनेगर, गोव्यात रेंदेर काढतो ती सूर आणि तिचं व्हिनेगर, अगदी तीच गोष्ट. फिलिपिन्समध्ये हा रस काढणाऱ्याला 'मनंगगेते' म्हणतात. आईला व्हिडिओ कॉलवर बाटली दाखवून कशापासून करतात ते सांगितलं तर ती म्हणाली, "अगो, ह्यां तर आपल्या माडाचांच!" आमच्या शेजारच्या ख्रिश्चन मावशी नाताळात सोरपोतेल करायच्या तेव्हा गोव्याहून अशीच बाटली यायची, घरात वास सुटायचा, मला लहानपणी तो वास नको व्हायचा आणि आता तोच वास इथे आला की बरं वाटतं.

चवीचं म्हणाल तर साधं पांढरं व्हिनेगर जीभ कापतं तसं हे करत नाही. आंबटपणा आहे, पण गोल आहे, मागे किंचित गोडसर, किंचित आंबलेला वास, आपल्या ताज्या घावन-आंबोळीच्या पिठाला येतो तसा काहीसा. माशाला लावलं की मासा मासाच राहतो. कोशिंबिरीत लिंबाऐवजी एक चमचा घालून बघा, कांदा-टोमॅटोला वेगळीच मजा येते.

पण घेताना लेबल नीट वाचा, इथे मी दोनदा फसले. दुकानात फिलिपिनो व्हिनेगरच्या शेल्फवर जाऊन 'सुका' (म्हणजे व्हिनेगर) लिहिलेली बाटली उचलली म्हणजे ते नारळाचंच असं अजिबात नाही. दातू पुती हे नाव फिलिपिनो घरात सगळ्यात जास्त दिसतं, पण त्याचं नेहमीचं पांढरं व्हिनेगर उसाचं. इलोकोस भागाचं गडद रंगाचं 'सुकांग इलोको' तेही उसाचं. निपाच्या ताडाचं वेगळं असतं. आणि नारळाचं म्हणून जे मिळतं त्यातही दोन जाती, एक माडीचं आणि एक नारळाच्या पाण्याचं, पाण्याचं मला पातळ आणि एकसुरी वाटलं. त्यामुळे घटकांच्या ओळीत कोकोनट सॅप लिहिलंय का ते बघा, ॲसेटिक ॲसिड वेगळं लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. तळाशी गढूळ गाळ दिसला तर घाबरू नका, तो चांगला, हलवून वापरा. ऑनलाइन मागवू नका असं मी म्हणेन. मी एकदा स्वस्त पडतं म्हणून मागवलं तर खोक्यात अर्धी बाटली सांडलेली, झाकण सैल, पैसे परत मिळायला दोन आठवडे मागे लागावं लागलं. आता मी सरळ गाडी काढून फिलिपिनो सुपरमार्केटमध्ये जाते, तिथे ताजी मासळी, बर्फातली आळूची पानं, केळीची पानं, पांदानची पानं, सगळं एकाच फेरीत होतं आणि मासे साफ करून हवे तसे कापूनही देतात, माझ्यासारख्या कोकणातल्या बाईला एवढं पुरे आहे.

आता अमिनोज. हे पण माडाच्याच रसाचं, पण रस ताजा असताना, आपली नीरा असते ना, त्यात मीठ घालून मुरवत ठेवतात, रंग गडद तपकिरी येतो. पॅलिओवाले हे सोया सॉसच्या जागी वापरतात कारण सोया सॉसमध्ये सोयाबीन आणि गहू दोन्ही असतात आणि त्यांना दोन्ही चालत नाहीत. घटक दोनच असायला हवेत, माडाचा रस आणि मीठ. तेरियाकी, गार्लिक वगैरे लिहिलेल्या बाटल्यांमध्ये वरून गोड घातलेलं असतं, त्या शुगरसाठी पॅलिओ करणाऱ्याच्या काय कामाच्या?

माझी पहिली तक्रार म्हणजे किंमत. आठ औंसाची, म्हणजे पाव लिटरही नसलेली बाटली मला सात डॉलरच्या आसपास पडते आणि अदोबो (व्हिनेगर-लसणात शिजवलेलं मांस) दोनदा केला की संपते. दुसरी, ते गोड आहे. लेबलवर कितीही नैसर्गिक लिहा, जिभेला गोडच लागतं. तिसरी, खारट कमी. माझ्या बाटलीवर मोठ्या चमच्याला २७० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय, साध्या सोया सॉसमध्ये तेवढ्याच चमच्यात ९०० च्या आसपास असतं. ज्यांना बीपी आहे त्यांच्यासाठी ही चांगली गोष्ट आहे, मान्य, पण रेसिपीत सोया सॉसच्या मापाने अमिनोज घातलं तर पदार्थ गोडमिट्ट आणि अळणी होतो आणि हेच माझ्या पहिल्या अदोबोचं झालं. एक किलो चिकन, अर्धा कप व्हिनेगर, अर्धा कप अमिनोज, दहा पाकळ्या लसूण, मिरी, शिजायला ठेवलं, शेवटी रस आटवायला गॅस मोठा केला आणि दोन मिनिटांत तळाला करपलं, कारण त्यातली साखर. घरभर जळक्या गुळाचा वास, नवरा बिचारा न बोलता जेवला.

मग आतेला बोलावलं. तिने बाटलीवरचं लेबल वाचलं, चमचाभर चाखलं आणि विचारलं की हे कशाला घालतेस? मी म्हटलं सोया सॉस चालत नाही ना, म्हणून. तर ती म्हणाली की मग अदोबो सा पुती कर ना, तिची आजी तोच करायची. हे ऐकून मला खरंच धक्का बसला. पुती म्हणजे पांढरा, त्यात सोया सॉस नसतोच, फक्त व्हिनेगर, लसूण, मिरी, लॉरेलचं पान आणि मीठ. सोया सॉस चिनी व्यापाऱ्यांबरोबर तिकडे आला आणि हळूहळू अदोबोत शिरला, त्याआधी लोक मांस व्हिनेगर आणि मिठातच शिजवायचे, गरम हवेत टिकावं म्हणून. अदोबो हे नाव स्पॅनिश लोकांनी दिलं, पद्धत तिकडचीच, आणि स्पॅनिश पाद्री पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुराच्या १६१३ सालच्या टागालोग शब्दकोशात 'इथल्या लोकांचा अदोबो' अशी नोंद आहे. आपल्या बाजूला पोर्तुगीजांचं व्हिनेगर-लसणाचं मांस गोव्यात आलं, माडीचं व्हिनेगर आणि मिरची मिळून त्याचं विंदालू झालं. दोन्हीकडे माड, दोन्हीकडे लसूण, मध्ये अख्खा समुद्र. मी त्या रात्री बराच वेळ हाच विचार करत होते.

तर माझ्या घरी आता बसलेली पद्धत अशी. चिकनच्या हाडासकट मांड्या घ्या, बोनलेस नको, एक किलोला अर्धा कप माडीचं व्हिनेगर, अर्धा कप पाणी, दहा-बारा लसणाच्या पाकळ्या ठेचून, चमचाभर अख्खी मिरी, लॉरेलची तीन पानं, मीठ. लॉरेल नसेल तर आपलं तमालपत्र चालतं असं लोक सांगतात, मला नाही पटलं, आपल्या पानाला तीन उभ्या शिरा असतात आणि वास दालचिनीकडे जातो, चव बदलते. सगळं एकत्र करून अर्धा तास ठेवा, मग गॅसवर चढवा आणि उकळी येऊन व्हिनेगरचा डोक्यात जाणारा कच्चा वास जाईपर्यंत ढवळायचं नाही, झाकणही ठेवायचं नाही. आते यावर फार कडक आहे, मी चमचा हातात घेतला तरी ओरडते. मग मंद गॅसवर पाऊण तास. चिकन काढून थोड्या नारळाच्या तेलात परता, कडा लाल होऊ द्या, रस वरून घाला. अमिनोज घालायचंच असेल तर आता, गॅस बंद केल्यावर, दोन चमचे, फक्त रंगाला आणि त्या शेवटच्या गोडसर चवीला. हीच अमिनोजची जागा! शेवटी, थोडंसं, आणि मिठाच्या बदल्यात नाही. हे कळल्यावर माझी बाटली दीड महिना जायला लागली आणि एकचे तीन झाले.

हळद घालूनही करतात, त्याला अदोबोंग दिलाव म्हणतात, दिलाव म्हणजे पिवळा, बातांगासकडे जास्त करतात. सासूबाईंना तोच सगळ्यात आवडला, साहजिक आहे.

आता परसबागेबद्दल, कारण बाटल्या कितीही चांगल्या असल्या तरी अर्धी चव कुंडीतून येते. आमचं मागचं अंगण काही मोठं नाही, एक वाफा आणि नऊ-दहा कुंड्या. गवती चहा आहे, तो आतेकडे तांगलाद. आपण चहात घालतो आणि सोडून देतो, त्या लोकांनी त्याचा खरा उपयोग केलाय, पात नाही तर खालचा पांढरा दांडा ठेचून लाइंगमध्ये, अख्ख्या कोंबडीच्या पोटात भरून भाजायला, आणि बाकोलोदच्या इनासालमध्ये, जिथे चिकन व्हिनेगर, कालामान्सी (तिकडचं छोटं लिंबू), आलं आणि गवती चहात मुरवून कोळशावर भाजतात आणि भाजताना वरून शेंदरीच्या बियांचं लाल तेल लावत राहतात. शेंदरी, आपल्याकडेही ही झाडं दिसतात, मी मात्र ती खाण्यात कधी बघितली नव्हती. माडीच्या व्हिनेगरची खरी परीक्षा घ्यायची तर इनासाल करा, साध्या व्हिनेगरने मांस वरून पांढरं पडतं आणि आंबटपणा वेगळा लागतो, याने आत मुरतो.

शेवगा आहे कुंडीत, इथल्या थंडीत पानं गळून काटकी राहते, मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा फुटते, म्हणून काढून टाकू नका. गोकुळाष्टमीला आमच्याकडे शेगलाची भाजी आणि आंबोळ्या, एरवी वर्षभर शेवग्याच्या पाल्याकडे कुणी बघत नाही, पण फिलिपिन्समध्ये मालुंगाय रोजचा. तिनोला नावाचं चिकनचं पातळ सूप करतात, आलं भरपूर, कांदा, लसूण, कच्ची पपई आणि शेवटी गॅस बंद करून मूठभर शेवग्याचा पाला, चवीला पातिस म्हणजे माशाचं खारं पाणी. कुणाला सर्दी असली, बाळंतीण असली की हेच. आमच्याकडे आता ताप आला की खिमटीच्या जागी तिनोला होतो, पॅलिओ असो नसो. पातिसचा वास बाटलीत उग्र वाटतो, पण जवळ्याच्या चटणीवर वाढलेल्यांनी घाबरण्यासारखं काही नाही. ओव्याची जाड पानं आहेत, ज्यांची आपण भजी करतो, बेसन बंद झाल्यापासून ती नुसती वाढत होती, आते म्हणाली तिच्याकडे याला ओरेगानो म्हणतात आणि खोकल्याला पानं उकळून देतात. म्हणजे रेसिपीत ओरेगानो वाचलं तर कुठलं ते विचारून घ्या बरं का.

कालामान्सीचं झाड एक आहे, लिंबू आणि संत्र्याच्या मधलं काहीतरी, गोटीएवढं फळ. घ्यायचं तर नर्सरीतूनच घ्या, कुणाकडून फांदी किंवा रोप उचलून आणू नका, कढीपत्त्याचंही तसंच. ही दोन्ही लिंबाच्या कुळातली आणि त्यांच्यावर एशियन सिट्रस सिलिड नावाची कीड बसते, कॅलिफोर्नियात ती २००८ साली सापडली, ती जो रोग पसरवते त्याला औषध नाही, संत्र्याच्या बागाच्या बागा जातात, म्हणून झाडं हलवण्यावर बंधनं आहेत. आपल्या लोकांमध्ये कढीपत्त्याचं रोप डिकीत टाकून या गावाहून त्या गावाला नेणं इतकं सर्रास चालतं की हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आळूचं थोडं सांगायला हवं. लाइंगला आते सुकवलेली पानं वापरते, देठ काढून, फाडून, सावलीत वाळवलेली. नारळाचं पातळ दूध आधी, त्यात आलं, लसूण, गवती चहा, सुकी मासळी, मग वर पानं पसरायची आणि पुन्हा ढवळायचं नाही, पानं आपोआप दूध पिऊन खाली बसतात, मग जाड दूध आणि हिरव्या मिरच्या, तेल सुटेपर्यंत. पानं कच्ची असताना ढवळलं तर घसा खाजतो असं तिचं ठाम मत. आपण त्यासाठी चिंच घालतो. मी पहिल्यांदा भीतीने व्हिनेगर दोन चमचे घातलं, घसा काही खाजला नाही, पण नारळाचं दूध फाटल्यासारखं झालं आणि लाइंगचा गोडवा गेला. तेव्हा या व्हिनेगरला पाच दिले असले तरी लाइंगमध्ये घालू नका, पानं नीट वाळवा आणि तासभर शिजवा, पुरतं.

किनिलाव अजून मी भीत भीत करते, कच्ची सुरमई (तिकडे तानिगे) व्हिनेगरने धुवून मग ताज्या व्हिनेगरमध्ये आलं, कांदा, मिरची, कालामान्सी. व्हिनेगरने मासा पांढरा दिसला तरी त्यातले जंत मरत नाहीत, म्हणून कच्चं खाण्यासाठी म्हणून आधी गोठवलेला मासाच घ्यायचा. पण खरं सांगते, या बाटलीची सगळ्यात सुंदर चव मला किनिलावमध्येच लागली, शिजवल्यावर जे थोडं उडून जातं ते इथे सगळं शाबूत असतं. नवरा मात्र हात लावत नाही.

भाताचं विचाराल तर नवऱ्याला फुलकोबीचा किसून भात, मला खरा भात. अदोबोचा रस फुलकोबीवर थांबत नाही, ताटात खाली जाऊन बसतो, मी हे कितीही वेळा करून बघितलं, उकडलेल्या सुरणाच्या फोडी त्यापेक्षा खूप बऱ्या.

अमिनोज कुणी घ्यावं? सोया किंवा गव्हाची खरी अडचण असेल, पदार्थ चिनी-जपानी धाटणीचा असेल, किंवा मीठ कमी करायचं असेल तर घ्या, लहान बाटली घ्या. नुसतं फिलिपिनो जेवण करायचं म्हणून घेणार असाल तर तेच सात डॉलर व्हिनेगरवर आणि एका चांगल्या नारळाच्या दुधाच्या डब्यावर घाला.

या आठवड्यात मी व्हिनेगरची अर्धी बाटली सिनामाकसाठी काढून ठेवलीय, इलोइलोकडची पद्धत, रिकाम्या काचेच्या बाटलीत बागेतल्या तिखट मिरच्या, ठेचलेला लसूण, आल्याचे काप, मिरी भरून वरून व्हिनेगर ओतायचं. तिकडे कुलिंजनही घालतात, मला ताजं मिळालं नाही. आज अकरावा दिवस, मिरच्यांचा रंग उतरायला लागलाय, आते म्हणते अजून दोन आठवडे झाकणाला हात लावायचा नाही, आणि फ्रीझरमध्ये तळायचे बांगडे तयार आहेत.